यादीत न बसलेली बाई

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढे बापाने वाडीत पाणी लावायला उभा केला, तो तिथेच राहिलो. म्हणून लिहिणं हे असं आहे. एका डॉक्टरबद्दल लिहायचं ठरवून बसलो, पण त्यात बायकोचं येणार, त्याला इलाज नाही. ती गेली त्याला पुष्कळ वर्षं झाली. माणसं म्हणतात, वर्षं गेली की कमी होतं. ज्यांची बायको घरात आहे तीच माणसं असं म्हणतात.

हा डॉक्टर मुंबईच्या एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात होता. तिथे आजारी माणसंही बघायची आणि पोरांना शिकवून डॉक्टरही करायचं, अशी दोन्ही कामं. सत्तर साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा तो पहिल्यांदा आमच्या भुईगावात आला. एस.टी.तून उतरला तो वजनाचा काटा खांद्यावर घेऊन. हाडकुळा, माझ्यापेक्षा वयाने लहान. म्हणून इथे मी त्याला 'तो' म्हणतो. समोर 'अहो डॉक्टर'च म्हणायचो.

लहानपणी सांधे सुजून ताप येऊन गेला की काही जणांच्या हृदयाची झडप पुढे खराब होते. अशी माणसं गावात राहून कशी जगतात, किती जगतात, कशाने बिघडतात, हे त्याला शोधायचं होतं. त्याच्या बरोबरीचे डॉक्टर संध्याकाळी आपापले दवाखाने चालवायचे. ह्याने दवाखाना काढलाच नाही. महिन्यातला एक रविवार, देवळातली रविवारची मिस्सा सुटली की, आमच्या शाळेच्या ओट्यावर येऊन बसायचा. शेजारच्या वटारहून, इकडून तिकडून तीस-चाळीस माणसं यायची. प्रत्येकाचं वजन करायचं, पायाची सूज दाबून बघायची, छातीला नळी लावून ऐकायचं आणि सगळं एका लांब वहीत लिहायचं. गोळ्या फुकट द्यायच्या.

फुकट म्हटल्यावर आमच्या लोकांना संशय येणारच. माझा शेजारी काट्यावर उभा राहून सगळ्यांदेखत म्हणाला, "डॉक्टर, आमची वजनं लिहून नेता ती काय केळीच्या घडासारखी बाजारात विकणार?"

डॉक्टर काट्याकडे बघत म्हणाला, "तुम्हाला गिऱ्हाईक मिळायचं नाही. नुसता दांडाच आहे."

शेजारी खरंच वाळका होता. ओटा हसला आणि त्या दिवसापासून डॉक्टर आमचा झाला.

माझ्या बायकोची झडप अरुंद झालेली, वर चुना धरलेला. अशी झडप तेव्हा कापून मोकळी करता येत नव्हती, असं डॉक्टरने तोंडावर सांगितलं. मूलबाळ होऊ देऊ नका, हेही सांगितलं. राहिली ती रोज सकाळची एक गोळी. अंगात साठलेलं पाणी लघवीवाटे काढून टाकणारी. तिला आम्ही लघवीची गोळीच म्हणायचो. त्या गोळीवर ती चालत होती. गोळी चुकली की पाय सुजणार, छातीत पाणी भरणार, आडवं पडलं की गुदमरायला होणार. "आणि असं दरवेळी झालं," डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला होता, "की हृदय थोडं कायमचं थकतं. ते परत येत नाही. एवढं सांभाळा."

मी कसलं सांभाळणार? मी दारू प्यायचो. लपवण्यासारखं काही नाही, अख्ख्या गावाला ठाऊक आहे. वाडीतून ताडाखाली आणि तिथून घरी. तिला मारलं नाही कधी, पण तिच्याशी बोललोही नाही कधी धड. मग एकदा पोटात आग पडली, रक्त ओकलो, घाबरलो आणि सोडली. एवढंच झालं. ती त्या दिवसापासून रोज देवळात जाऊ लागली. मला वाटलं, म्हातारपण येतंय.

दोन-तीन वर्षांच्या वह्या झाल्या तेव्हा डॉक्टरच्या ध्यानात एक गोष्ट आली. आमची ख्रिस्ती माणसं दरवर्षी काही ठरावीक दिवसांत ढासळत होती. वजन वाढायचं, पाय सुजायचे, दम लागायचा. मग आपोआप उतरायचं. थंडीने म्हणावं तर थंडी दरवर्षी वेळेवर येते. हे मात्र एका वर्षी फेब्रुवारीत सुरू व्हायचं, एका वर्षी मार्चात.

त्याने माझ्या बायकोलाच विचारलं, "बाई, या दिवसांत तुमच्याकडे काय असतं?"

"काय असणार? उपासकाळ. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत चाळीस दिवस. दरवर्षी पुढेमागे होतो."

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग वहीत काहीतरी लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

त्यानंतर तो घराघरांत फिरला. चुलीपाशी बसून काय शिजतंय ते बघितलं. उपासकाळात आमच्यात मटण-डुक्कर बंद. मग भाताबरोबर काय? सुकी मासळी. पाचूबंदरच्या कोळणी टोपल्या घेऊन दारात येतात. सुके बोंबील, खारवलेला बांगडा, सगळं मिठात मुरलेलं. मीठ अंगात पाणी धरून ठेवतं, त्याने ही माणसं फुगतात, असं त्याने ताडलं. खारं बंद करा, ताजी मासळी घ्या, असं त्याने प्रत्येकाला बजावलं. पुढच्या उपासकाळात बहुतेकांची वजनं जागच्या जागी राहिली.

त्याचं नाव झालं. कुठल्याशा मोठ्या सभेत त्याने हे वाचून दाखवलं, त्यांच्या मासिकात छापून आलं, त्याला वरची जागा मिळाली. त्या आनंदात तो पेढे घेऊन आला, तो नेमका उपासकाळातच. कोणी तोंडाला लावेना. सगळ्यांनी कागदात बांधून ईस्टरसाठी ठेवले आणि निम्म्यांच्या पेढ्यांना मुंग्या लागल्या. त्या रविवारी तो सगळ्यांशी हसत होता. माझ्या बायकोला काट्यावर चढवलं आणि त्याचं हसणं गेलं.

तिचं वजन वाढलेलं होतं. दरवर्षीसारखंच.

दुसऱ्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी तर तिला उशा लावून बसवून ठेवावं लागलं, आणि ईस्टरनंतर सूज उतरली तरी विहिरीपर्यंत जायची ताकद काही परत आली नाही. डॉक्टर म्हणाला होता तसं होत होतं. दर उपासकाळ तिच्यातलं काहीतरी घेऊन जात होता.

त्याचे मोठे साहेब त्याला म्हणाले होते, एवढ्या सगळ्यांचं जमतंय ना, मग ती एक बाई गाळून टाक यादीतून. हे त्यानेच मला सांगितलं.

"मग गाळा की," मी म्हणालो.

"ती गाळली तर मला कळणार कसं, तिला काय होतंय?"

पण त्याचाही धीर सुटला. एके दिवशी तो घरी आला आणि न विचारता चुलीजवळचे डबे उघडून बघू लागला.

"काय शोधताय?"

"खारं. तुमच्या घरात कुठेतरी खारं आहे. त्याशिवाय हे होणार नाही."

"चार वर्षं खारं आणलेलं नाही."

"मग हे काय?" त्याने तिच्या पायावर बोट दाबलं. खड्डा पडला तो भरून येईना. "हा पाय खोटं बोलत नाही. तुम्ही बोलताय."

मी दारुडा होतो, खोटारडा नव्हतो. "डॉक्टर, माझ्या घरात उभं राहून मला खोटारडा म्हणता? उचला तुमचा काटा, नाहीतर मी विहिरीत टाकतो."

तो गेला. बायको चुलीपाशी उभी होती. तिने आम्हा दोघांना भांडू दिलं, एक अक्षर बोलली नाही. ते मला अजून डाचतं.

त्यानंतर आम्ही ओट्यावर गेलो नाही. तो दर महिन्याला गोळ्यांची पुडी शेजाऱ्याकडे ठेवून जायचा.

पुढच्या वर्षीच्या उपासकाळात एका दुपारी कोळीण दारात आली. नेहमीची, पाचूबंदरची. टोपली उतरवून म्हणाली, "बाय कुठं हाय?"

"देवळात. खारं नको आम्हाला."

"खारं कोन देतंय तुला? माझी गोली राहिली या आठवड्याची, ती घ्यायला आलेय."

"कसली गोळी?"

"कसली म्हंजे? लघवीची. दरसाल देते ना बाय, तुमचे उपास लागले का. तिचा उपास आनि माझा फायदा." तिने लुगडं वर करून पाय दाखवले. "बग कसे उतरले. सगलं पानी गेलं."

मी पायरीवर बसलो. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं.

"तुला ठाव नवतं? मग मी काय बोललेच नाय." टोपली डोक्यावर घेतली आणि आल्या वाटेने गेली.

आमच्यात रीत अशी आहे. उपासकाळात ज्याला जे प्यारं, ते त्याने सोडायचं. कोणी मटण सोडतो, कोणी विडी, कोणी चहा. आणि त्यातून जे वाचेल ते गरिबाला द्यायचं. माझ्या बायकोकडे सोडण्यासारखं काय होतं? चांगलंचुंगलं तिने कधी खाल्लं नाही. सकाळी सुखाने श्वास येतो, तेवढं एक होतं. तिने ते सोडलं. आणि वाचलेली गोळी रीतीप्रमाणे गरिबाला दिली. डॉक्टरने सगळ्यांना काय खाता ते विचारलं होतं. गोळी घेता का, हे विचारायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं. फुकटची गोळी आजारी माणूस घेणार नाही, असं कोणाच्या मनात येईल?

ती देवळातून आली. मी विचारलं, "का?"

ती आधी पाणी प्यायली. "तुमच्या दारूसाठी बोलले होते. तुमची सुटू दे, मी दर उपासकाळी गोळी सोडीन."

"ती सुटून पाच वर्षं झाली."

"म्हणूनच ना. सुटली ती कशाने?"

"पोटाने. रक्त ओकलो म्हणून."

"आणि रक्त कोणी ओकवलं?"

आता थांबव म्हटलं, तर म्हणाली, "मी मोडलं की तुम्ही परत ताडाखाली."

दुसऱ्या दिवशी मी मुंबईला हॉस्पिटलात गेलो. डॉक्टर वॉर्डात एका खाटेपाशी उभा होता, भोवती दहा-बारा शिकाऊ पोरंपोरी. मला बघून थांबला. मी म्हणालो, "तुमची गाळायची बाई कशाने फुगते ते सापडलं."

त्याने पोरांना पाठवून दिलं आणि स्टुलावर बसून सगळं ऐकलं. मला वाटलं, हसेल नाहीतर चिडेल. त्याने आधी विचारलं ते कोळणीबद्दल. "ती किती गोळ्या घेते? चक्कर येते का तिला? पुढच्या रविवारी तिलाही आणा." मग स्टूल माझ्याकडे ओढून म्हणाला, "मी तुम्हाला खोटारडा म्हणालो होतो."

"म्हणालात."

"चुकलं माझं."

"माझंही चुकलं. काटा सरकारी होता."

त्याने पुढे जे केलं ते दुसऱ्या कोणी केलं नसतं. आमच्या तीस-चाळीस माणसांपैकी एकेकाजवळ तो एकटा जाऊन बसला आणि नव्याने विचारलं. आणखी तीन-चार बाया निघाल्या, उपासकाळात गोळी सोडणाऱ्या. एक नवऱ्यासाठी, एक मुलाच्या नोकरीसाठी. म्हणजे पहिल्या वर्षांत वजनं वाढली ती सगळी खाऱ्याने नव्हती. त्याने त्याच मासिकात लिहून कळवलं, की आधी छापलेल्यातलं काही चूक होतं आणि चूक माझी होती, मी नीट विचारलं नाही. मोठ्या साहेबांना ते रुचलं नाही. प्रोफेसर व्हायला त्याला त्यामुळे उशीर लागला, असं त्याच्या हाताखालच्या एका पोरीने मला सांगितलं. त्याने स्वतः हा विषय कधी काढला नाही.

एका रविवारी तो फादरना घेऊन घरी आला. फादर तिला म्हणाले, "बाई, आजाऱ्याला उपास माफ असतो."

"उपास माफ असतो फादर. बोललेलं माफ नसतं."

"तेही सोडवता येतं. मी सोडवतो."

"तुम्ही सोडवाल. हे धरतील ना परत?" तिने माझ्याकडे हनुवटी केली.

डॉक्टर म्हणाला, "बाई, देवाला तुमचा श्वास कशाला हवाय?"

"तुम्ही माझं वजन इतकी वर्षं नेताय. तुम्हाला कशाला हवंय?"

फादर हसले. डॉक्टर हसला नाही. म्हणाला, "तुम्ही जगावं म्हणून." ती चहा टाकायला गेली.

पुढच्या राखेच्या बुधवारी मी एक हलकट काम केलं. दोघंही देवळातून आलो, कपाळावर राख होती. मी टेबलावर एका बाजूला तिची गोळी ठेवली आणि दुसऱ्या बाजूला भरलेली बाटली. कोपऱ्यावरून आणून ठेवली होती.

"गोळी तुझ्या तोंडात गेली नाही तर हे माझ्या तोंडात जाणार. उद्याही तसंच. चाळीस दिवस."

ती बाटलीकडे बघत राहिली. "देवाशी असा सौदा करतात?"

"देवाशी तू केलास. मी तुझ्याशी करतोय."

तिने गोळी गिळली. नंतर ते चाळीस दिवस माझ्याशी 'जेवायला या' यापलीकडे बोलली नाही. रोज सकाळी माझ्यासमोर गोळी तोंडात टाकायची, पाणी प्यायची आणि निघून जायची. पण गिळली की जिभेखाली धरली, हे मला कसं कळणार? तोंड उघडून बघायला ती बायको होती, बैल नव्हता. त्याच्या पुढच्या वर्षीही असंच. त्या दोन वर्षांत ओट्यावर मात्र मी पाय ठेवला नाही. महिन्याच्या त्या रविवारी ती एकटी जायची. डॉक्टर तिला काय सांगतो, ते विचारायचीही मला भीती वाटायची.

त्या वर्षीच्या पावसात, भाद्रपदाच्या सुमाराला, ती सकाळी विड्याची पानं जुळवत बसली होती. तोंड वाकडं झालं, हातातली पानं पडली. झडपेपाशी रक्ताची गुठळी झाली होती, ती मेंदूत गेली. तिसऱ्या दिवशी ती गेली. डॉक्टर मातीला आला होता. मागे, बायकांच्या रांगेपाशी उभा राहिला आणि माती झाल्यावर निघून गेला.

माणसं पांगली, घर रिकामं झालं, आणि मी शोधायला लागलो. तांदळाचा डबा, घरातल्या आल्तारामागचा, येशूच्या तसबिरीमागचा कोनाडा, तिच्या लुगड्यांच्या घड्या, उशीची शिवण. जिभेखालून काढलेल्या गोळ्या कुठे तरी असतील. कोळणीला विचारलं. तिने मुलाची शपथ घेतली, "दोन सालात एक गोली दिली नाय." काहीच सापडलं नाही. मग वाटलं, विहिरीत टाकत असेल. रोज उठून तेवढंच डोक्यात. तिने घेतल्या की नाही? नसतील घेतल्या, तर मी समोर बसून तिला मरू दिलं. विचारायचं कोणाला? वाडीत पंपाशी बोलायचो. पंप बंद केला की आवाज नाही कसला.

महिनाभराने हॉस्पिटलात गेलो. डॉक्टर तोवर प्रोफेसर झाला होता, केस पिकले होते, खोलीबाहेर पाटी होती. मी बसलोही नाही. म्हणालो, "तिने गोळ्या घेतल्या का? मला खरं सांगा. बरं वाटावं म्हणून नको."

तो उठला, कपाटातून वह्या काढल्या आणि तिची पानं माझ्यासमोर उघडली. इंग्रजी मला येत नाही, आकडे येतात. त्याने एकेका उपासकाळावर बोट ठेवलं. आधीच्या वर्षांत आकडा चढत गेलेला. त्रेचाळीस, पंचेचाळीस, अठ्ठेचाळीस. मग शेवटची दोन वर्षं. त्रेचाळीस. त्रेचाळीस. मधल्या रविवारीही त्रेचाळीस.

"घेतल्या," तो म्हणाला. "एकही चुकवली नसावी. चुकवली असती तर काट्याने सांगितलं असतं."

"मग गेली कशी?"

"अशा झडपेत गुठळी कधीही होऊ शकते. ती गोळी त्यावर नव्हती."

"आणि आधीची वर्षं? ती तिला भोवली?"

त्याने वही मिटली नाही. "भोवली असणार. किती, ते मला सांगता येत नाही. सांगितलं तर थाप होईल."

"मी आधी दारू सोडली असती तर..."

"ते माझ्या वहीत नाही," तो म्हणाला. मग विचारलं, "जेवलात का?"

नव्हतो जेवलो. त्याच्याबरोबर कॅन्टीनमध्ये उसळपाव खाल्ला. तोही एकटाच राहायचा, हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं तो आमच्या घरात काय शिजतं ते विचारत होता, त्याच्या घरात कोण शिजवतं हे मी कधी विचारलं नव्हतं.

घरी आलो. तिने घेतल्या होत्या. माझ्या एका बाटलीच्या धाकाने तिने देवाला दिलेला शब्द मोडला, रोज सकाळी, दोन वर्षं. कोणत्या मनाने मोडला असेल? ती तर समजत होती की मोडला की मी परत ताडाखाली जाणार. तरी गिळली.

आता मी म्हातारा झालो. पोटात आग नाही, घरात विचारणारं कोणी नाही. संध्याकाळी पंप बंद केला की पुढचा वेळ सरत नाही. बाटली कोपऱ्यावरच मिळते. पुष्कळदा पायात चपला घालतो, दारापर्यंत जातो. मग चपला काढून ठेवतो आणि भात लावतो.